अजून किती वेळ?

कराडच्या एका शाळेतील संगणकावर मागच्या वर्षी मी ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या प्रकल्पाचे काम सुरू करून दिले. दुसऱ्याच दिवशी अकरावीतील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, सकाळी ‘उरलेला वेळ १० तास’ असे दिसत होते. पाच तास काम झाले, तरी अजून ८ तास दाखवतोय. संगणकाला वजाबाकी येत नाही का?”

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिका जशा गठ्ठे करून परीक्षकांकडे जातात, तसे एखाद्या प्रचंड आकडेमोडीचे तुकडे करून ते जगभरातील लोकांच्या घरच्या संगणकांकडे पाठवायचे, हे स्वयंसेवी संगणन. १९९९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातून सुरू झालेल्या ‘सेटी ॲट होम’ने ही कल्पना लोकप्रिय केली. त्या प्रकल्पाने २०२० मध्ये काम वाटणे थांबवले. पण त्यातून तयार झालेल्या ‘बॉइंक’ या आज्ञावलीवर आइन्स्टाइन ॲट होम २००५ पासून चालतो. लायगो वेधशाळांच्या नोंदींत तो फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गुरुत्वीय लहरी शोधतो. (अशीच एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.) रेडिओ आणि गॅमा किरणांच्या नोंदींत तो स्पंदक, म्हणजे ठरावीक अंतराने किरणांचा झोत पाठवणारे न्यूट्रॉन तारे, हुडकतो. २०१० मध्ये या प्रकल्पाला सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा एक स्पंदक सापडला. तो अमेरिकेतील एका दांपत्याच्या आणि जर्मनीतील एका गृहस्थाच्या संगणकांनी टिपला होता.

आता वेळेचा हिशेब पाहू. प्रत्येक कामाबरोबर त्यात अंदाजे किती गणिती क्रिया आहेत, हा आकडा येतो. आपला संगणक एक छोटी चाचणी करून स्वतःचा वेग ठरवतो. समजा, कामात १,०८,००० अब्ज क्रिया आहेत आणि वेग सेकंदाला ३ अब्ज क्रियांचा आहे. भागाकार ३६,००० सेकंद, म्हणजे १० तास.

प्रत्यक्षात मात्र १५ तास लागतात. चाचणी इतकी लहान असते की तिची सारी माहिती प्रक्रियकाच्या अगदी जवळच्या, वेगवान स्मृतीत मावते. खऱ्या कामाची माहिती मोठी, ती पुनःपुन्हा दूरच्या स्मृतीतून आणावी लागते. एक उत्तरपत्रिका घड्याळ लावून तपासावी आणि त्यावरून दोनशेंचा हिशेब मांडावा, तसेच हे.

पाच तासांनंतर एक तृतीयांश काम झाले होते. मूळ अंदाजाने ५ तास उरले, झालेल्या प्रगतीवरून १०. बॉइंक या दोहोंच्या मधला आकडा दाखवतो. सुरुवातीला तो मूळ अंदाजाला अधिक वजन देतो, काम पुढे सरकेल तसे प्रगतीला. म्हणून ८. प्रगतीचा आकडाही नेहमी सरळ चालत नाही. गॅमा किरण स्पंदकांच्या कामात तो नव्वद टक्क्यांच्या आसपास बराच वेळ थबकतो. 

काम संपले की संगणक चूक सुधारतो. १० चे १५ झाले, म्हणून पुढच्या प्रत्येक अंदाजाला तो १.५ ने गुणतो. पुढचे काम १० तासांतच झाले तर? मग गुणक एकदम १ वर येत नाही. फरकाच्या दहाव्या हिश्शाने उतरतो, १.४५ होतो. अंदाज येतो साडेचौदा तासांचा. वाढताना उडी आणि उतरताना रांगणे, असे का?

याचे उत्तर आम्हाला शाळेतच मिळाले. “चार दिवसांचे काम साठव” अशी सूचना मी देऊन ठेवली होती. नव्या संगणकाने दिवस २४ तासांचा धरला आणि १० तासांची १० कामे मागवली. ती निघाली १५ तासांची. शाळा चालते रोज ६ तास, एका वेळी एकच काम, मुदत १४ दिवसांची. दोन रविवार वगळता हातात आले ७२ तास. चार कामे पुरी झाली, पाचवे तीन तासांनी हुकले. त्यातच वीज गेली की शेवटच्या नोंदीनंतरचे काम पुन्हा करावे लागते, ते वेगळेच. चूक संगणकाची कमी, माझी जास्त. अनेक कामे पडताळ्यासाठी दोन संगणकांकडे जातात. आमच्यामुळे कुठल्यातरी अनोळखी माणसाचे उत्तर जोडीदाराची वाट पाहत पडून राहिले. याउलट अंदाज वाजवीपेक्षा मोठा निघाला, तर आपला संगणक थोडा वेळ रिकामा बसतो, एवढेच.

या गुणकात एक खोट आहे. प्रकल्पात दोन प्रकारची कामे असली, तरी गुणक एकच. निबंधाच्या उत्तरपत्रिकांचा वेग बीजगणिताला लावल्यासारखा! पुढे बॉइंकमध्ये प्रत्येक प्रकारच्या कामाची त्या संगणकावरील सरासरी वेगळी ठेवण्याची सोय झाली.

साठा आम्ही अर्ध्या दिवसावर आणला. त्या मुलीने वहीत तीन रकाने आखले आहेत: सुरुवातीचा अंदाज, लागलेला वेळ, दोहोंचे गुणोत्तर. प्रक्रियक फार तापला की स्वतःचा वेग कमी करतो, हे तिने वाचले आहे. मार्चपर्यंतच्या नोंदी झाल्या आहेत. आता एप्रिलच्या उन्हात गुणोत्तर वाढते का, हे तिला पाहायचे आहे.