आकाशातील अनोळखी वस्तू कशी ओळखावी?

दिनांक २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, पावणेआठच्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातील लोकांना आकाशातून तेजस्वी तुकड्यांची रांग सरकताना दिसली. कोणी तिला उल्का म्हटले, तर कोणी पेटलेले विमान. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे आढळले. परिसरात पोकळ गोळेही सापडले. पुढे तज्ज्ञांनी वेळ व मार्ग पडताळून, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असा निष्कर्ष काढला.

अशी ओळख पटविण्यास सामान्य निरीक्षणही उपयोगी पडते. रात्रीच्या विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा, उजव्या टोकाला हिरवा दिवा असतो; शिवाय काही दिवे लुकलुकतात. १० किलोमीटर उंचीवरील विमानाचा आवाज सुमारे अर्ध्या मिनिटाने पोहोचतो. म्हणून आवाजाच्या दिशेला विमान दिसेलच असे नाही. जागीच थबकणारी वस्तू बहुधा हेलिकॉप्टर किंवा ड्रोन असते. कृत्रिम उपग्रह न लुकलुकता, निःशब्दपणे काही मिनिटांत आकाश ओलांडतो. उल्का क्षणार्धात विझते. अग्निबाणाचे जळते तुकडे मात्र त्याहून सावकाश, एकाच दिशेने जातात.

वस्तू दिसताच वेळ, दिशा, दिसण्याचा अवधी, दिव्यांचा रंग व आवाज यांची नोंद करावी. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांचा कोन व्यापते. तिच्या साहाय्याने क्षितिजापासूनची उंची शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावी. राजुरा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, तर सिंदेवाही उत्तर भागात आहे. एकाच क्षणी या दोन्ही ठिकाणी घेतलेले कोन जुळविल्यास वस्तूची प्रत्यक्ष उंची काढता येते. एकट्या गावाची नोंद तेवढे सांगू शकत नाही.

जमिनीवर पडलेल्या तुकड्यास हात लावू नये. त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. ग्रामपंचायत सदस्यांनी लोकांना व गुराढोरांना दूर ठेवून पोलीस पाटील व तहसीलदार यांना त्वरित कळवावे. तुकडा घरी नेल्यास जीवितास धोका संभवतो आणि तपासाचा पुरावाही नाहीसा होतो. अफवेला आळा घालण्यास वेळेवर केलेली एक अचूक नोंद पुरेशी ठरते.