एका बर्नरचा स्वयंपाक

मुंबईतल्या मराठी स्वयंपाकाची गोष्ट सांगायची तर आधी चौरस फुटांचा हिशेब मांडावा लागतो. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला चाळी उभ्या केल्या. त्यांतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. झोपणं, अभ्यास, पाहुणे, आजारपण सगळं तिथेच आणि एका कोपऱ्यात शेगडी नि मोरी. त्या कोपऱ्यातून दोन्ही वेळा वरण-भात, भाजी, पोळी किंवा भाकरी, चटणी असं पान वाढलं गेलं. ते कशाच्या जोरावर आणि कुणाच्या, याचा हा धावता आढावा.

पहिला प्रश्न जळणाचा. कोळशाची शेगडी गॅलरीत पेटवायची, धूर निघून गेला आणि निखारे फुलले की आत आणायची. मग आला रॉकेलचा स्टो. पंपाचा स्टो भरभर शिजवी, पण आवाज करी आणि अडला की पिन मागे. वातीचा शांत, पण वात नीट कापली नाही तर पातेल्यांची बुडं काळी. १९५५ मध्ये बर्मा शेलने मुंबईत ‘बर्शेन’ हा सिलिंडरचा गॅस आणला. सामान्य घरात तो यायला पुढे बराच काळ गेला. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. गॅसबरोबर ओटा आला आणि बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. छोट्या खोलीत हा बदल मोठा होता. चूलखंडाभोवती अडकलेली जमीन मोकळी झाली, ओट्याखाली सिलिंडर, पिंप आणि डबे गेले.

दुसरा प्रश्न वेळेचा. त्यावर उत्तर प्रेशर कुकरचं. उकळतं पाणी साध्या पातेल्यात शंभर अंशांच्या पुढे जात नाही. कुकरच्या दाबाखाली ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून तूरडाळ लवकर मऊ होते. पण जागेच्या दृष्टीने त्याचा खरा गुण म्हणजे एकावर एक बसणारे डबे. तळाला पाणी, खालच्या डब्यात हळद-हिंग घातलेली डाळ, मध्ये बटाटे, वर तांदूळ. शिट्ट्या झाल्या की कुकर उतरवून बाजूला ठेवायचा. वाफ जिरेपर्यंत त्याच बर्नरवर कढईत भाजी, मग तवा. कणीक कुकर चढवण्याआधीच भिजवून झाकलेली असते. पोळ्या आटोपल्या की शेवटी आमटीला फोडणी, म्हणजे ती पानात गरम पडते. हा क्रम मोडला की जेवण अर्धा तास लांबलंच. आजही एका बर्नरवर नव्याने संसार मांडणाऱ्याने आधी हा क्रम शिकावा, पदार्थ मागाहून.

वाटण्याघाटण्याचं काम पाटा-वरवंट्यावर चाले; तो जमीन अडवी आणि कष्टही घेई. १९६३ मध्ये सत्यप्रकाश माथुर यांचा ‘सुमीत’ मिक्सर आला. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, कोरडा मसाला हे सगळं भारतीय वाटण झेपावं म्हणूनच तो घडवलेला होता. यंत्रांनी कष्ट कमी केले, तर शिकवण्याचं काम पाककृतींच्या पुस्तकांनी केलं. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० सालच्या ‘गृहिणी-मित्र’नंतर कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं. वाटी-चमच्याच्या मापामुळे ते आईपासून दूर संसार थाटलेल्या मुलींच्या फळीवर जाऊन बसलं.

याच कोपऱ्यांनी गिरणगावही पोसलं. गाव सोडून एकटे आलेले गिरणी कामगार चाळीतल्या खाणावळवाल्या बायकांकडे जेवत. पाळ्या बदलत तशा भाकऱ्यांच्या वेळा बदलत. उधारीवर वाणसामान आणायचं आणि पगार झाला की फेडायचं, असा तो व्यवहार. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायकांना सावकाराऐवजी बँकेच्या दारात नेलं. १९८२च्या संपाने गिरण्यांची चाकं थांबली आणि खाणावळींची गिऱ्हाइकंही पांगली.

हा सगळा पट पाहिला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. शेगडी गेली, स्टो गेला, पाटा गेला. राबणारे हात मात्र बहुतेक घरांत बाईचेच राहिले. कुकरने वाचवलेला वेळ नोकरीच्या लोकलने घेतला. ‘स्वयंपाकघरात दोघं मावत नाहीत’ ही घरातल्या पुरुषांची जुनी सबब. ती तेव्हाही खरी नव्हती, कारण त्याच कोपऱ्यात सासू आणि सून दोघी वावरत होत्या. आता पुनर्विकासात बीडीडीच्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत, त्यामुळे जागेचं कारण तर उरलंच नाही. या दिवाळीत कढईपाशी घरातली बाई असेल, तर करंज्यांचा पोळपाट पुरुषांनी पुढे ओढावा. पहिल्या चार फाटल्या तरी चालतील.