भात बुडाले की रोपात काय घडते?



उधाणाच्या भरतीला मुसळधार पाऊस मिळाला की उरणच्या खाडीकाठच्या खलाटीत पाणी कोंडते. बाहेर भरती असल्याने उघाडीतून निचरा होत नाही आणि लावलेले भात पाण्याखाली जाते. पाणी ओसरल्यावर एका जातीचे भात पुन्हा फुटते, दुसरे कुजते. असे का होते?

रोपाच्या प्रत्येक पेशीत जनुके असतात. जनुक म्हणजे रोपाने कसे वागावे याची जन्मजात सूचना. पण घरातली सगळी भांडी रोज वापरात नसतात, तशी सगळी जनुकेही एकदम कामाला लागत नाहीत. कोणते जनुक केव्हा जागे व्हावे, हे बरेचसे संप्रेरकांच्या कमीजास्त प्रमाणावर ठरते.

आढीतला आंबा पिकवणारा इथिलीन वायू हे असेच एक संप्रेरक. तो भाताच्या रोपातही तयार होतो व हवेत निघून जातो. पाण्यातून मात्र तो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणून बुडालेल्या रोपात तो साठतो. साध्या भातात त्यामुळे जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर वाढतो आणि रोप डोके वर काढण्यासाठी भराभर उंचावते. पाणी लवकर ओसरले नाही तर साठवलेले अन्न संपते व रोप मरते.

ओडिशातील एफ.आर. १३-ए या भाताची रीत उलटी आहे. त्यातील सब-१ए हे जनुक शास्त्रज्ञांनी २००६ साली ओळखले. इथिलीन वाढताच ते जागे होते, जिबरेलिनला आवर घालते, रोप वाढ थांबवून अन्न राखते आणि सुमारे दोन आठवडे तग धरते. हा गुण उतरवलेली ‘स्वर्णा सब-१’ ही जात २००९ साली भारतात प्रसारित झाली.

पण सावध राहा! हा गुण गोड्या पाण्यात बुडण्यापुरता आहे. बांधाला खांड पडून खारे पाणी शिरले तर दुखणे वेगळे. तेव्हा मुळांना पाणी ओढता येत नाही, अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते, पानांची छिद्रे मिटतात आणि बचावाची वेगळी जनुके जागी होतात. अशा जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २ व ३ या जाती आहेत.

तेव्हा बियाणे घेण्यापूर्वी आपल्या खाचरात कोणते पाणी साचते व किती दिवस राहते, ते पाहा. पूर येण्याची चिन्हे असताना युरिया देऊ नका. कोवळे, लुसलुशीत रोप पाण्यात लवकर दगावते. पाणी ओसरल्यावर लगेच खत न टाकता आठवडाभर थांबा, नवे पान दिसू द्या, मग नत्राचा हप्ता द्या. आणि पावसाळ्यापूर्वी बांध व उघाडी सर्वांनी मिळून दुरुस्त करा. तेवढे काम कोणतेही जनुक करणार नाही.