फिल्ममध्ये दिसतं ते सगळंच दुखत नसतं

हिंगणीहून वर्धा, सेवाग्राम किंवा सावंगी गाठायचं, कंबरेचा एमआरआय काढायचा आणि घरी येऊन जाहीर करायचं, ‘एल-फोर एल-फाइव्हची गादी सरकली, आता वावरातलं काम बंद.’ हा निकाल बरेचदा डॉक्टरांचा नसतोच. रिपोर्टातला ‘डिस्क बल्ज’ वाचून तो ओट्यावर लागलेला असतो.

मुळात गादी, म्हणजे डिस्क, सरकत नाही. वरच्या-खालच्या मणक्यांना ती घट्ट जोडलेली असते. तिची कड फुगते, किंवा कड फाटून आतला मऊ भाग बाहेर येतो. आणि फुगवटा ठणठणीत माणसांतही सापडतो! ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या १९९४च्या अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, ५२ टक्के लोकांत निदान एका गादीला फुगवटा होता. दुखणं नसलेल्या ३,११० जणांवरच्या अभ्यासांचा आढावा २०१५ साली आला. त्यात विशीतल्या ३० टक्के, तर ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत फुगवटा होता. म्हणजे साठीच्या शेतकऱ्याच्या रिपोर्टात ‘बल्ज’ दिसला, तर नवल नाही.

मग चित्र वाचायचं कसं? दुखण्याशी ताडून. एल-फोर एल-फाइव्हची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बहुधा कंबरेच्या पाचव्या नसेला दाबते. कळ नडगीच्या बाहेरून अंगठ्याकडे उतरते, अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो. आडव्या छेदात चित्राची डावी बाजू ही रुग्णाची उजवी. कळ डाव्या पायात आणि दाब उजवीकडे असेल, तर त्या दाबाला दोष कशाला? एमआरआयच्या ‘टी-टू’ प्रकारच्या चित्रात पाणी उजळ दिसतं, म्हणून सुकलेली गादी काळी. काळी म्हणजे सडलेली नव्हे.

‘मणक्यात गॅप पडला’? दोन मणक्यांमधली ती जागा गादीचीच. वयानुसार ती उलट कमी होते. एमआरआयने किरणोत्सर्ग? नाही, ते चुंबकाचं काम. बाहेर आलेला तुकडा कापूनच काढावा लागतो? अनेकदा तो आपोआप आटतो, मोठा तर जास्तच. गुडघ्याची गादी फाटलेली दिसली? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या २००८च्या अभ्यासात अशा ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा त्रासच नव्हता.

मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. कंबरदुखीसोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षयरोग तपासायला हवा. तिथे एमआरआय टाळणं महागात पडतं.