चोर घरचाच!

बसा रे सगळे. चिंगे, तू पुढं ये. परवा तू विचारलंस ना, आकाशात एवढे तारे आहेत, तर तिकडून कुणी आपल्याशी बोलत कसं नाही? अगदी हाच प्रश्न १९५० साली एन्रिको फर्मी या थोर शास्त्रज्ञाला पडला होता. अमेरिकेत लॉस अलामॉसला, मित्रांबरोबर जेवता जेवता. आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून जास्त तारे. त्यातले कितीतरी सूर्याहून म्हातारे. मग एव्हाना कुणीतरी यायला नको होतं का?

फ्रँक ड्रेक नावाच्या एकोणतीस वर्षांच्या पोरानं ठरवलं, आपण कान लावून ऐकूया. एप्रिल १९६०. ग्रीन बँक नावाचं गाव, २६ मीटर रुंदीची रेडिओ दुर्बीण. आधी टाऊ सेटी या ताऱ्याकडं वळवली. काही नाही. मग एप्सिलॉन एरिडनी, इथून साडेदहा प्रकाशवर्षांवर. आणि काय सांगू! कागदावरची लेखणी थाडथाड उडायला लागली, सेकंदाला आठ ठोके!

“परग्रहवासी!”

दम धर, गण्या. ड्रेकनं दुर्बीण ताऱ्यावरून हलवली. आवाज बंद. पुन्हा ताऱ्याकडं वळवली, तरी बंदच. काही दिवसांनी ते ठोके परत आले. पण आता त्यानं एक छोटा अँटेना खिडकीबाहेर रोखून ठेवला होता. त्याला कुठला आलाय दूरचा तारा ऐकू! तरी ठोके त्यालाही ऐकू आले. म्हणजे चोर घरचाच. बहुधा उंचावरून जाणारं विमान.

पुढं १९६७ साली केंब्रिजच्या जोसलिन बेल या विद्यार्थिनीला आलेखाच्या लांबच लांब कागदावर एक खूण दिसली. दर १.३ सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा. गमतीनं त्याला ‘छोटी हिरवी माणसं’ असं नावही पडलं. मग तिलाच आकाशाच्या दुसऱ्या भागात तसलाच दुसरा स्रोत सापडला. आता सांगा, इतक्या लांबचे दोन वेगळे लोक एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं आपल्यालाच हाका मारतील होय? ते निघाले गरागरा फिरणारे न्यूट्रॉन तारे. माणसं नाहीत, पण शोध केवढा मोठा!

ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीत तर विचित्र रेडिओ-स्पंदनं वर्षानुवर्षं येत होती, तीही बहुतेक कामाच्या वेळेत. २०१५ साली उलगडा झाला. कुणीतरी मायक्रोवेव्ह बंद व्हायची वाट न पाहता त्याचं दार उघडत होतं!

“मग आजोबा, ते लोक नाहीतच?”

असं कसं म्हणायचं? जिल टार्टर नावाची शास्त्रज्ञ सांगते, समुद्रातून पेलाभर पाणी काढलं, त्यात मासा दिसला नाही, म्हणून समुद्रात मासेच नाहीत असं ठरत नाही. आपलं ऐकणं अजून पेलाभरच आहे. शिवाय अंतरं बघा. १९७४ साली आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम-१३ या तारकागुच्छाकडं एक संदेश धाडला. तो पोचायलाच पंचवीस हजार वर्षं लागणार. आपण रेडिओवर बोलायला लागून जेमतेम सव्वाशे वर्षं झाली आणि पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं. ते बोलले तेव्हा इथं फक्त शेवाळ असेल, किंवा आपण ऐकतोय तोवर ते संपूनही गेले असतील. नसतीलही कुणी, तेही शक्य आहे. पण ‘आहेत’ म्हणायचं तर आधी घरचे सगळे चोर तपासायचे, आणि ‘नाहीत’ म्हणायचं तर आधी पुरेसं ऐकायचं. यातलं दुसरं काम फार बाकी आहे.

आपल्या नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास ४५ मीटरच्या तीस तबकड्या आहेत, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या. विज्ञान दिनाला नेईन तुम्हाला. गण्या, मोबाइल मात्र घरी ठेवायचा. ताऱ्यांपुढं तुझीच रिंगटोन मोठी!