भूकंपाच्या भूमीवरील उंची : जपानचे मनोरे आणि गगनचुंबी इमारती

टोकियो रेल्वेस्थानकालगत ‘टॉर्च टॉवर’ या इमारतीचे बांधकाम २०२३ मध्ये सुरू झाले. सुमारे ३८५ मीटर उंचीची ही इमारत २०२८ मध्ये पूर्ण करण्याचे नियोजन असून, त्यानंतर जपानमधील सर्वांत उंच इमारतीचा मान तिच्याकडे जाईल. सध्या हा मान टोकियोतीलच अझाबुदाई हिल्स संकुलातील मोरी जेपी टॉवरकडे आहे. २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीची उंची सुमारे ३२५ मीटर आहे. दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफापुढे हे आकडे किरकोळच वाटतात. योकोहामाचा २९६ मीटरचा लँडमार्क टॉवर १९९३ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतरच्या तीस वर्षांत देशातील सर्वोच्च इमारतीच्या उंचीत जेमतेम २९ मीटरची भर पडली. पैसा किंवा तंत्रज्ञान यांची उणीव हे त्याचे कारण नव्हे. हानेदा विमानतळामुळे टोकियोच्या काही भागांत उंचीवर बंधने आहेत, हे खरे. परंतु जपानमध्ये उंचीचा प्रश्न मुळात भूकंपाशी बांधलेला आहे.

त्याचा पहिला ठळक धडा टोकियोच्या असाकुसा भागात मिळाला. तेथे १८९० मध्ये ‘र्‍योउनकाकू’ हा बारा मजली मनोरा उभा राहिला. ‘ढगांना ओलांडणारा’ असा या नावाचा अर्थ. स्कॉटलंडचे अभियंता विल्यम बर्टन यांनी त्याची आखणी केली होती. खालचे दहा मजले विटांचे, तर वरचे दोन लाकडाचे होते. जपानमधील पहिली विजेवर चालणारी लिफ्टही येथेच बसविण्यात आली; सुरक्षिततेच्या कारणावरून ती लवकरच बंद करावी लागली, हा भाग निराळा. १ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या कांतो भूकंपात मनोऱ्याचे वरचे मजले कोसळले आणि उरलेला भाग सैन्याने सुरुंग लावून पाडला.

शहरी इमारतींची उंची शंभर शाकू, म्हणजे सुमारे ३१ मीटर, यापेक्षा अधिक असू नये, असे बंधन त्यापूर्वी १९१९ च्या कायद्याने आलेच होते. ते पुढे चार दशकांहून अधिक काळ कायम राहिले. १९३६ मध्ये पूर्ण झालेले संसद भवन अपवाद ठरले. सुमारे ६५ मीटर उंचीची ही वास्तू १९६४ पर्यंत देशातील सर्वांत उंच इमारत होती. म्हणजे तोपर्यंत जपानमधील एकही इमारत दिल्लीच्या कुतुबमिनारएवढी उंच नव्हती.

मनोऱ्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांत माणसे राहत नाहीत आणि पोलादी सांगाड्यातून वारा आरपार जातो. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी १९५८ मध्ये ३३३ मीटर उंचीचा टोकियो टॉवर उभा राहिला, तो पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याहून उंच होता. ताचू नाइतो या अभियंत्याने त्याची रचना केली. कोरियाच्या युद्धात वापरलेले अमेरिकी रणगाडे वितळवून मिळालेले पोलादही त्यात वापरले गेले. युद्धात बेचिराख झालेल्या शहराचे हे नवे प्रतीक रणगाड्यांच्या भंगारातून घडावे, हा योगायोग जपानी माणसाला आजही सांगावासा वाटतो.

इमारतींवरील ३१ मीटरचे बंधन १९६३ च्या दुरुस्तीने दूर झाले आणि पाचच वर्षांत, १९६८ मध्ये, कासुमिगासेकी ही १४७ मीटर उंचीची ३६ मजली इमारत पूर्ण झाली. यामागे कियोशी मुतो या अभियंत्याचा विचार होता. इमारत ताठ, अचल ठेवण्याचा हट्ट सोडून तिला डोलू द्यावे, म्हणजे धक्क्याची ऊर्जा तिच्या डोलण्यात खर्च होते, असे त्याचे सार सांगता येईल. १९२३ च्या भूकंपात उएनो येथील पाच मजली लाकडी पॅगोडा पडला नाही, यावरून मुतो यांना ही दिशा सुचली, असे सांगितले जाते. पुढे शिंजुकू भागात एकामागून एक उंच इमारती उभ्या राहिल्या. १९७८ मध्ये २४० मीटरच्या ‘सनशाइन ६०’ची भर पडली, जेथे दुसऱ्या महायुद्धातील युद्धगुन्हेगारांना १९४८ मध्ये फाशी देण्यात आली, त्या सुगामो तुरुंगाच्या जागेवर ती उभी आहे.

पॅगोडाची आठवण २०१२ मध्ये खुल्या झालेल्या टोकियो स्कायट्रीतही दिसते. सभोवती उंच इमारतींची दाटी झाल्याने टोकियो टॉवरवरील प्रक्षेपणात अडथळे येऊ लागले होते, म्हणून ६३४ मीटरचा हा नवा मनोरा बांधण्यात आला. या आकड्याचा जपानी उच्चार ‘मुसाशी’ असाही होतो, आणि ते या प्रदेशाचे जुने नाव आहे. मनोऱ्याच्या मध्यभागी ३७५ मीटर उंचीचा काँक्रीटचा पोकळ स्तंभ आहे. १२५ मीटरच्या वर तो भोवतीच्या पोलादी सांगाड्याला घट्ट जोडलेला नाही. दोहोंमध्ये मोटारीतील शॉक अॅब्सॉर्बरप्रमाणे काम करणारे तेलाचे डॅम्पर आहेत. भूकंपात सांगाडा आणि स्तंभ वेगवेगळ्या लयीत हलतात व एकमेकांचे डोलणे रोखतात. पॅगोडातील मधल्या खांबाप्रमाणे यालाही ‘शिन्बाशिरा’ म्हणतात. जुन्या पॅगोडांतील खांब नेमके काय कार्य करतो, याबद्दल मात्र तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही.

११ मार्च २०११ रोजी झालेल्या ९ परिमाणाच्या महाभूकंपाच्या वेळी स्कायट्रीचे काम अखेरच्या टप्प्यात होते. मनोऱ्याला गंभीर इजा झाली नाही आणि एका आठवड्याने त्याने ६३४ मीटरची उंची गाठली. टोकियो टॉवरचे टोक तेवढे वाकले. अभियंत्यांना खरी चिंता वाटली ती ओसाकातील घटनेने. भूकंपाच्या केंद्रापासून साडेसातशे किलोमीटरहून अधिक दूर, समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर साकिशिमा ही २५६ मीटरची सरकारी इमारत आहे. तिच्या पायथ्याशी धक्का मध्यमच होता. तरीही वरचे मजले सुमारे दहा मिनिटे डोलत राहिले. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत हे अंतर जवळजवळ तीन मीटर भरले. भिंती व छतांची हानी झाली आणि लिफ्टमध्ये माणसे अडकली.

मोठ्या भूकंपातील संथ लाटा दूरवर जातात, हे त्याचे कारण. अशा लाटेची लय, खालच्या मऊ जमिनीची लय आणि इमारतीची स्वतःची डोलण्याची लय एकच असेल, तर झोपाळ्याला योग्य क्षणी मिळणाऱ्या झोक्याप्रमाणे प्रत्येक हेलकावा वाढत जातो. साकिशिमात ही लय सुमारे साडेसहा सेकंदांची होती. ठेंगण्या घरांना अशा लाटा फारशा जाणवत नाहीत. उंच इमारतींना जाणवतात. इमारत कोसळली नाही तरी पन्नासाव्या मजल्यावर घसरणाऱ्या कपाटांमध्ये सापडलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न त्यानंतर गांभीर्याने घेतला जाऊ लागला. शिंजुकू मित्सुई या १९७४ मधील इमारतीच्या छतावर २०१५ मध्ये प्रत्येकी ३०० टनांचे सहा लोलक बसविण्यात आले. इमारत एका दिशेला झुकताच ते मागे राहतात आणि तिला आवरतात.

१९८९ च्या सुमारास, जपानी जमिनीचे भाव आकाशाला भिडले असताना, बांधकाम कंपन्यांनी कागदावर मात्र बरीच मजल मारली होती. ताकेनाका कंपनीची ‘स्काय सिटी १०००’ एक किलोमीटर उंच होती. ओबायाशी कंपनीसाठी नॉर्मन फॉस्टर यांनी ८४० मीटरचा ‘मिलेनियम टॉवर’ रेखाटला. ताइसेई कंपनीचा ‘एक्स-सीड ४०००’ तर ३,७७६ मीटरच्या फुजी पर्वताहूनही उंच होता. यांपैकी काहीही उभे राहिले नाही. २०१८ मध्ये सुमितोमो फॉरेस्ट्री या कंपनीने मांडलेली कल्पना त्या मानाने नम्र आहे : सत्तर मजल्यांची, ३५० मीटर उंचीची आणि नव्वद टक्के लाकडाची इमारत, कंपनीच्या ३५० व्या वर्धापन वर्षी, २०४१ मध्ये.