पंगतीचा पोशाख आणि पदार्थविज्ञान

दिवाळीसाठी नवे कपडे मोठ्या हौसेने घेतले जातात. परंतु भाऊबीजेची पंगत उठली, की घरातील निम्मी मंडळी ते केव्हा एकदा उतरवतो आणि जुना सुती सदरा चढवतो, अशा घाईत असतात. कोणाच्या मानेला कॉलर रुतत असते, कोणाची पाठ घामाने चिकटलेली असते, तर कोणाच्या कमरेवर नाडीचा लाल वळ उमटलेला असतो. शोभा आणि सुख यांचे मुळातच वैर आहे, असे समजून आपण हा त्रास मुकाट्याने सोसतो. हे वैर खरोखरच आहे काय? पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमांच्या साहाय्याने या प्रश्नाचा विचार करू या. शाळेत शिकलेले उष्णता, बाष्पीभवन आणि दाब हे तीन पाठ त्यासाठी पुरेसे आहेत.

माणूस ही एक शेगडीच

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे १०० जूल उष्णता निर्माण होत असते. म्हणजेच तो १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. एका खोलीत वीस माणसे जेवायला बसली, तर ही उष्णता २,००० वॉट होते. एक किलोवॉटच्या दोन विजेच्या शेगड्या त्या खोलीत पेटवून ठेवण्यासारखेच हे आहे!

यात जेवणाचीही भर पडते. अन्न पचवण्याच्या आणि शोषून घेण्याच्या क्रियेत, मिश्र आहारातील ऊर्जेचा सुमारे दहावा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. समजा, पुरणपोळी, श्रीखंड, भजी असे सणाचे जेवण १,२०० किलोकॅलरींचे झाले. त्याचा दहावा भाग १२० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ५ लाख जूल. ही उष्णता पाच तासांत बाहेर पडली असे धरले, तर सरासरी २८ वॉट होतात. म्हणजे जेवणानंतर आपल्या शेगडीची आच जवळजवळ सव्वापट होते. ‘जेवल्यावर उकडते’ हा अनुभव निव्वळ मनाचा खेळ नव्हे.

ही सारी उष्णता कपड्यांमधून बाहेर जायला हवी. आपल्या कातडीचे तापमान साधारण ३३ ते ३४° से. असते. खोलीचे तापमान २१° से. असेल, तर दोहोंतील फरक पुरेसा असल्याने उष्णता आपोआप वाहून जाते. कपड्यांचा उबदारपणा मोजण्यासाठी १९४१ साली गॅग, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी ‘क्लो’ नावाचे एकक सुचवले. २१° से. तापमानाच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखकर वाटेल इतका उबदारपणा म्हणजे १ क्लो. पूर्ण सुटाचा उबदारपणा साधारण इतकाच असतो. ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या भरलेल्या खोलीचे तापमान मात्र सहज ३०° से. होते. अशा वेळी सूट किंवा जाड शेरवानी घालून बसलेला पाहुणा का कासावीस होतो, हे आता सांगायला नको. याउलट विदर्भात किंवा खानदेशात दिवाळी उशिरा आली आणि रात्रीचे जेवण अंगणात असले, तर तीच शेरवानी हवीहवीशी वाटेल. तेव्हा पहिला नियम असा : कपडा निवडताना कॅलेंडर पाहू नका, जेवणाची जागा आणि तेथे जमणारी माणसे पाहा.

घाम सुकला पाहिजे

खोलीचे तापमान कातडीच्या तापमानाजवळ आले, की उष्णता वाहून नेण्याचे काम घामाला करावे लागते. एक ग्रॅम घामाची वाफ होताना तो सुमारे २,४०० जूल उष्णता शोषून घेतो. यालाच बाष्पीभवनाचा सुप्त उष्मा म्हणतात. १०० वॉट उष्णता केवळ घामावाटे घालवायची झाल्यास तासाला किती घाम सुकला पाहिजे? १०० ला ३,६०० ने गुणून २,४०० ने भागा. उत्तर येते १५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक चहाचा कप.

येथे ‘सुकला पाहिजे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कपाळावरून टपकून ताटात पडलेला घाम शरीर थंड करीत नाही. घामाची वाफ झाली पाहिजे आणि ती वाफ कापडातून बाहेरही पडली पाहिजे. येथेच कापडाची खरी परीक्षा होते.

वेगवेगळे तंतू हवेतील ओलावा वेगवेगळ्या प्रमाणात धरून ठेवतात. २०° से. तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना, १०० ग्रॅम कोरडी लोकर सुमारे १६ ग्रॅम, रेशीम ११ ग्रॅम, सूत ८ ग्रॅम, नायलॉन ४ ग्रॅम, तर पॉलिएस्टर अर्ध्या ग्रॅमहूनही कमी पाणी शोषते. पॉलिएस्टरचा हा तंतू ब्रिटनमध्ये १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला. एके काळी तो ‘टेरिलीन’ या नावाने घराघरांत पोचला होता. त्याला इस्त्रीची कटकट नाही, तो लवकर वाळतो आणि त्याचा रंगही टिकतो. हे गुण खरेच आहेत. पण पाणी न शोषणाऱ्या तंतूचे घट्ट विणलेले कापड अंगाला लागून बसले, की घाम कातडीवरच अडकून राहतो आणि चिकचिक होते.

मात्र यावरून ‘सुती तेवढे चांगले, बाकी सारे वाईट’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तंतूइतकीच वीणही महत्त्वाची असते. खेळाडूंचे पॉलिएस्टरचे सदरे सैल विणीचे असतात आणि त्यांच्या बारीक तंतूंमधील फटींतून घाम केशाकर्षणाने बाहेरच्या पृष्ठभागावर ओढला जातो. म्हणून ते घामातही सुखकर वाटतात. उलट जाड, घट्ट विणीच्या सुती कापडाने खूप घाम प्याला, की ते जड होऊन अंगाला चिकटते. दुकानात कापड तोंडाशी धरून त्यातून फुंकर घालून पाहावी. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली, तर वाफेलाही वाट मिळेल असे समजावे.

अस्तराची फसवणूक

पुष्कळदा आपण बाहेरचे कापड पाहतो आणि अस्तराकडे दुर्लक्ष करतो. कुर्ता शुद्ध रेशमाचा, त्यावर पैसेही भरपूर खर्च केलेले. पण आत अस्तर मात्र पॉलिएस्टरच्या सॅटिनचे! कातडीचा संबंध त्या अस्तराशीच येतो. वाफ तेथेच अडली, तर बाहेरच्या रेशमाचा काय उपयोग? शिंप्याला मलमलीचे किंवा दुसऱ्या पातळ सुती कापडाचे अस्तर लावायला सांगितले, की शोभा तीच राहते आणि सुख वाढते.

आपल्या विणकरांना ही युक्ती फार पूर्वीपासून माहीत होती. ‘मश्रू’ नावाच्या कापडाची दर्शनी बाजू चकचकीत रेशमाची, तर अंगाकडची बाजू सुताची असते. इरकली साडीचे अंग बहुधा सुती आणि काठ-पदर रेशमी असतात. माहेश्वरी साडीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. जे डोळ्यांना दिसते ते रेशीम आणि जे अंगाला लागते ते सूत, अशी ही वाटणी आहे.

सैलपणा आणि रंग

कापड आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा थर असतो. शरीरामुळे ही हवा तापते, हलकी होते आणि वर चढते. गळा मोकळा असेल, तर ती तेथून बाहेर पडते आणि खालून ताजी हवा आत शिरते. म्हणजे सैल झब्बा हा एक प्रकारचा धुराडाच होय. गळ्याची सारी बटणे लावली, की धुराड्याचे तोंड बंद झाले!

वाळवंटातील बदाऊन लोक भर उन्हात काळे झगे घालतात, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. काही संशोधकांनी याचा अभ्यास करून १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. काळा झगा पांढऱ्या झग्यापेक्षा अधिक तापतो हे खरे. पण ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचण्यापूर्वीच सैल झग्यातील हवेबरोबर निघून जाते, असे त्यांना आढळले.

रात्रीच्या जेवणात तर उन्हाचा प्रश्नच नसतो. आपल्या शरीरातून निघणारे प्रारण अवरक्त असते. त्याची तरंगलांबी एका मायक्रोमीटरच्या नऊ-दहा पट, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या कितीतरी पलीकडे असते. या तरंगलांबीला पांढरे, काळे, जांभळे अशी सर्व साधी कापडे जवळजवळ सारखीच वागतात. तेव्हा रात्रीच्या जेवणासाठी रंग खुशाल आवडीचा निवडा. त्याबाबत पदार्थविज्ञानाची कोणतीही हरकत नाही.

नाडी का रुतते?

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल, हे तुम्ही शिकला आहात. कमरेला एक सेंटिमीटर रुंदीची नाडी आणि चार सेंटिमीटर रुंदीचा पट्टा सारख्याच ताणाने बांधला, तर नाडीचा दाब पट्ट्याच्या दाबाच्या चौपट होतो. शिवाय उभे असताना बेताची वाटणारी कंबर मांडी घालून बसताच वाढते आणि जेवणानंतर आणखी वाढते. म्हणून पंगतीचा कपडा उभ्याने आरशात पाहून पसंत करू नये. दुकानात तो घालून दोन मिनिटे खाली बसावे, पुढे वाकावे आणि मग ठरवावे. रुंद पट्टी, थोडा लवचिकपणा आणि गुडघ्यापाशी सैलपणा एवढे असले, की मांडी घालून दोन तास बसणे जड जात नाही. लहान मुले आणि आजी-आजोबा यांच्या बाबतीत हे विशेष पाहावे; कारण ती बहुधा बोलून दाखवत नाहीत, फक्त चुळबुळ करतात.

पणत्यांजवळ मात्र सावध

आतापर्यंत सैल कपड्याचे गुण गायिले. पण भाऊबीजेला घरात पणत्या, निरांजने आणि फुलबाज्या असतात. ओढणी, पदर आणि रुंद बाह्या यांचा सैलपणा तेथे धोक्याचा ठरतो. ज्वाळेवरचे तप्त वायू वर चढतात आणि वरचे कापड आधीच तापवून ठेवतात. त्यामुळे उभ्या माणसाच्या कपड्यावर आग खालून वर फार झपाट्याने पसरते.

पातळ सुती कापड चटकन पेट घेते. पॉलिएस्टर सुमारे २६०° से. तापमानाला वितळते आणि तो तप्त रस कातडीला चिकटून खोल भाजतो. दोहोंच्या मिश्रणाचे कापड तर अधिकच त्रासदायक. त्यातील सूत वितळलेल्या पॉलिएस्टरला वातीसारखे धरून ठेवते आणि दोन्ही जळत राहतात. लोकर आणि रेशीम तुलनेने सावकाश जळतात. पण ती जळतच नाहीत असे नव्हे.

तेव्हा दिवे लावताना पदर खोचावा, ओढणी मागे बांधावी किंवा काढून ठेवावी, बाह्या सारून घ्याव्यात. फटाके उडवताना अंगासरसे सुती कपडे घालावेत. झगमगीत पोशाख त्यानंतर, जेवणाच्या वेळी चढवावा. तरीही एखाद्याच्या कपड्याला आग लागलीच, तर त्याला पळू देऊ नये. पळण्याने आगीला वारा मिळतो. त्याला जमिनीवर आडवे करून लोळवावे किंवा जाड घोंगडीने झाकून आग विझवावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडावे. चिकटलेले कापड ओढून काढू नये. शाई, तूप, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

स्वतः करून पाहा

चार सारखे पेले घ्या. प्रत्येकात सारखेच कोमट पाणी अर्ध्यापर्यंत ओता. एका पेल्यावर सुती, दुसऱ्यावर रेशमी, तिसऱ्यावर पॉलिएस्टरचे कापड रबराने ताणून बांधा. चौथा उघडा ठेवा. प्रयोगशाळेतील तराजूवर त्यांची वजने करा आणि चारही पेले एकाच जागी ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा वजने करा. कोणत्या पेल्यातील पाणी किती घटले, त्याचा तक्ता मांडा. मग एकाच तंतूची, पण सैल व घट्ट विणीची दोन कापडे घेऊन प्रयोग पुन्हा करा. तंतूचा परिणाम अधिक, की विणीचा, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल. कापड जाळून ओळखण्याचा प्रयोग मात्र घरी मुळीच करू नका. तो शाळेत, शिक्षकांसमोर, चिमट्यात दोन-चार धागे धरूनच करावा.

पुढच्या सणाला कापड खरेदी करताना दुकानदाराला किंमत विचारण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य कराव्यात : फुंकर घालावी, अस्तर उलटून पाहावे आणि खाली बसून पाहावे. या तिन्ही कसोट्यांना काहीच पैसे पडत नाहीत.